पोपटीतलं चिकन हाडाजवळ लाल निघालं. शिजलं होतं की कच्चं?

शहाळं
परवा शनिवारी नागावला मामाच्या वाडीत पोपटी लावली (शेंगा-चिकन मडक्यात बंद करून जाळात भाजायचा आमच्याकडचा प्रकार). मोठे चौदा जण आणि पाच पोरं. मडकं घरचंच, जुनं. तळाला भांबुर्ड्याचा रानपाला, त्यावर वालाच्या शेंगा, मग अंडी-बटाटे, मधोमध केळीच्या पानात बांधलेल्या चिकनच्या पुरचुंड्या, वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी गच्च भांबुर्डा. जाडं मीठ नि ओवा आलाच. मडकं पालथं घालून पेंढा आणि गोवऱ्यांचा जाळ केला. अर्ध्या तासाने मामाने मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्र झालं, वासही सुटला होता, म्हणून मडकं काढलं.

शेंगा अप्रतिम. अंडी झक्कास. चिकनची पुरचुंडी उघडली तर टंगडी वरून पांढरी, मसाला छान लागलेला, आणि आत हाडाजवळ लालभडक. हाडाच्या टोकाला रक्त साकळल्यासारखं दिसत होतं. मामी म्हणाली, "हाडाचं रक्त आहे ते, मांस शिजलंय, खा." भाऊ म्हणाला, "कच्चं आहे, टाका." वहिनीला सातवा महिना आहे. तिने हातातला तुकडा तसाच पानावर ठेवला आणि नुसत्या शेंगा खाऊन उठली. चिकन मुरवून मी नेलं होतं, त्यामुळे मला ते फार लागलं.

कुणाला काही झालं नाही. पण प्रश्न राहिलाच. चिकन शिजलं हे नक्की कशावरून ओळखायचं? २६ जानेवारीला पुन्हा पोपटी आहे आणि या वेळी वहिनीने पोटभर खावं अशी माझी इच्छा आहे.

खलबत्ता
मामी बरोबर. ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते, हाडाशी लाल राहतंच. आमच्याकडे कुणी बघतही नाही.

निखारा
माफ करा, पण "कुणी बघतही नाही" हे उत्तर होत नाही. सात महिन्यांची गरोदर बाई जेवायला बसली आहे. लाल दिसलं की परत चुलीवर, हा आमच्या घरचा नियम. तिथे वाद नाही.

कौलारू
आधी महत्त्वाचं. वालाच्या शेंगा कुठून आणल्या? आमच्या पेणच्या बाजूला अजून भरलेल्या दिसत नाहीत.

प्रश्नाबद्दल म्हणाल तर आमची आजी रंग बघायचीच नाही. ती टंगडीची नळी बघायची. कच्च्या तुकड्यात मांस नळीच्या टोकापर्यंत घट्ट बसलेलं असतं. शिजत आलं की ते आक्रसून वर सरकतं आणि बोटाच्या एका पेराएवढं हाड उघडं पडतं. मग ती चिमट्याने नळी धरून जरा पिळायची. सांधा सैल फिरला तर उतरव, रबरासारखा उलटा आला तर अजून ठेव. माझी बोटं भाजायची म्हणून मला फडक्याने धरायला द्यायची.

सूक्ष्मदर्शक
मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खलबत्ता आणि निखारा दोघंही रंगावर भांडताय, आणि रंगच इथे सगळ्यात कच्चा साक्षीदार आहे.

हाडाजवळ लाल का राहतं? बाजारातली ब्रॉयलर साधारण पाच-सहा आठवड्यांची असते. वजन भरपूर, पण हाडं पुरती टणक झालेली नसतात, सच्छिद्र असतात. आतल्या मज्जेतला लाल रंग शिजताना झिरपून शेजारच्या मांसात उतरतो. चिकन फ्रीझरमधलं असेल तर जास्तच, कारण गोठताना मज्जेतल्या पेशी फुटतात. म्हणजे पूर्ण शिजलेली टंगडीही लाल दिसू शकते.

उलटंही खरं आहे, आणि ते जास्त धोक्याचं. छातीचं मांस जंतू मरायच्या आधीच पांढरं पडतं. रस्त्यावरच्या कबाबात आत पांढरं दिसलं म्हणून कुणी शंका घेत नाही.

मग बघायचं काय? तापमान. अमेरिकेचं शेती खातं कोंबडीसाठी ७४ अंश सेल्सिअस सांगतं. तुकड्याच्या सगळ्यात जाड भागाच्या मधोमध, हाडाला न टेकवता. ब्रिटनचा नियम ७० अंशांवर दोन मिनिटं असा आहे. दोन्हींचा अर्थ एकच. जंतू मरायला तापमान आणि वेळ दोन्ही लागतात, एक वाढलं की दुसरं कमी चालतं. ७४ ला ते काही सेकंदांत आटोपतं, म्हणून घरगुती वापराला तो आकडा सोपा.

तिठा
धन्यवाद, सूक्ष्मदर्शक. पण मग रोजच्या रस्स्यात काय करायचं? मी तर वीस-पंचवीस मिनिटं झाकण ठेवून उकळते, तवंग सुटला की उतरवते. त्यात कधी थर्मामीटर घातला नाही.

सूक्ष्मदर्शक
घालायची गरजही नाही. रस्सा रटरट उकळतोय म्हणजे तो शंभरच्या आसपास आहे, आणि तुकडे करी कट असतील तर वीस मिनिटांत आतपर्यंत ७४ च्या कितीतरी पुढे जातात. कुकरमध्ये तर १२० पर्यंत. रस्सेवाल्यांनी निर्धास्त राहावं. अडचण कोरड्या प्रकारांची: तंदूर, तवा, शेगडी, एअर फ्रायर, आणि अर्थात पोपटी. तिथे बाहेरून करपतं आणि आत थंड राहू शकतं.

डोंगरवाट
गावठी कोंबडीला हे लाल रंगाचं लागू होत नाही, एवढी नोंद करा. आमच्या आंबेगावात गावठी कोंबडा तासभर चुलीवर असतो, कुकरला पाच-सहा शिट्ट्या. त्याचं हाड टणक, मज्जा घट्ट, त्यामुळे लाल झिरपण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. आमच्या आधीच्या पिढीला हा प्रश्न पडला नाही तो त्यामुळे. त्यांची कोंबडी शिजायच्या खूप आधी सुरक्षित व्हायची, मऊ व्हायला मात्र वेळ घ्यायची. ब्रॉयलरचं उलट. दहा मिनिटांत मऊ लागते, म्हणून लोक लवकर उतरवतात.

कौलारू
वा, डोंगरवाट, हे डोक्यात आलंच नव्हतं. आजीची नळीची परीक्षा गावठीसाठी होती तर.

पाणथळ
मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. २०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएसची (गुलेन-बारी, नसांचा आजार, यात हातपाय लुळे पडतात) साथ आली ती मी जवळून पाहिली. समोरच्या इमारतीतले काका एका सकाळी पलंगावरून उठायला गेले आणि पाय उचलेनात. आधी आठवडाभर त्यांना जुलाब झाले होते, ते अंगावर काढले. पुढे बरेच दिवस अतिदक्षता विभागात होते. आता काठी घेऊन चालतात.

त्या वेळी अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला. संशय मुख्यतः पाण्यावर होता आणि सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं. त्याच सूचनांमध्ये "चिकन पूर्ण शिजवून खा" हेही होतं, कारण हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात राहतो. महिनाभर आमच्या चौकातल्या चिकनच्या दुकानात शुकशुकाट होता. दुकानदार बिचारा सगळ्यांना सांगायचा, "ताई, चांगलं उकळा, काही होत नाही." त्याचं म्हणणं खरंच होतं.

तेव्हापासून "आम्हाला कधी काही झालं नाही" हे वाक्य मला ऐकवत नाही. निखारा यांच्या नियमाला माझं अनुमोदन.

सूक्ष्मदर्शक
पाणथळ, काकांना लवकर आराम पडो. तुमच्या प्रतिसादाला जोडून दोनच गोष्टी. कॅम्पिलोबॅक्टरचे काहीशे जंतूही आजारी पाडायला पुरतात, थेंबभर कच्च्या रसात तेवढे असू शकतात. आणि त्रास साधारण दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो. त्यामुळे माणूस काल रात्रीच्या पाणीपुरीला दोष देतो आणि रविवारचं चिकन सुटून जातं. ज्यांना संसर्ग होतो त्यांतल्या फार थोड्यांना पुढे जीबीएस होतो, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर उगाच घाबरगुंडी उडायची.

सातपुडा
घबराटीवरून आठवलं. मी नंदुरबारचा. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू सापडला, देशातली पहिलीच साथ. शेड रिकाम्या झाल्या, पक्षी खड्ड्यांत पुरले. माझ्या मित्राच्या वडिलांनी सकाळी चार हजार पक्ष्यांना दाणा घातला होता, संध्याकाळी शेडमध्ये आवाज नव्हता. तेव्हाही हेच सांगत होते की ७० अंशांवर शिजवलेल्या मांसात विषाणू टिकत नाही. पण लोकांनी राज्यभर चिकन सोडलं. ज्या घरात नीट शिजतं तिथे घाबरायचं कारण नव्हतं, आणि आमच्याकडची घरं मात्र बुडाली. म्हणून हा धागा महत्त्वाचा वाटतो. नीट माहिती असली की माणूस खाणंही सोडत नाही आणि आजारीही पडत नाही.

तिठा
सातपुडा, वाचून गलबललं.

यॉर्कशरची_सून
मी लीड्सला असते. इथे २०१४ मध्ये अन्न सुरक्षा खात्याने मोहीमच काढली होती की कच्चं चिकन धुऊ नका. नळाखाली धरलं की तुषार उडतात आणि जंतू ओट्यावर, भांड्यांवर, शेजारच्या कोथिंबिरीवर जाऊन बसतात. धुऊन जंतू जात नाहीत, ते शिजवूनच मरतात. मी तेव्हापासून धुवत नाही. सासूबाई कोल्हापूरहून आल्या की मात्र मी ऑफिसला गेल्यावर त्या गुपचूप धुतात. 😊

रंकाळा
मी कोल्हापूरचा आहे आणि सासूबाईंच्या बाजूने उभा आहे. तुमच्याकडे चिकन कारखान्यातून स्वच्छ होऊन पाकिटात येतं. आमच्याकडे दुकानात समोर कापतात, ड्रममध्ये टाकतात, लाकडी ओंडक्यावर तुकडे करतात आणि काळ्या पिशवीत घालतात. घरी आल्यावर त्यात पिसाची मुळं असतात, साकळलेलं रक्त असतं, हाडाची कपची असते, कधी पित्ताचा हिरवा डागही. ते न धुता पातेल्यात टाकायचं? पांढऱ्या रश्श्याचं पाणी काळं पडेल!

निखारा
रंकाळा +१. न धुता चिकन शिजवणं माझ्या हातून होणार नाही.

यॉर्कशरची_सून
अहो, मी तुम्हाला धुऊ नका म्हणतच नाहीये. दुकानात फरक आहे हे मान्य. पण तुषारांचं काय?

सूक्ष्मदर्शक
दोघांचं जमवता येतं. धार सोडू नका. खोल पातेल्यात पाणी घ्या, त्यात चिकन हलक्या हाताने बुडवा, पिसं नि गुठळ्या बोटांनी काढा, पाणी सावकाश सिंकच्या जाळीजवळ ओता. त्याआधी सिंकमधली धुतलेली भांडी आणि भाजी बाजूला करा. झाल्यावर सिंक, नळाची मूठ आणि हात साबणाने. नळाची मूठ सगळे विसरतात! चिकनच्या हाताने नळ उघडायचा, हात धुवायचे, आणि त्याच मुठीने बंद करायचा, हे मी माझ्या घरात रोज बघतो. हळद-मीठ चोळून धुतलं तरी जंतू मरत नाहीत. वास कमी होतो, एवढंच.

तिठा
आणि कच्च्या चिकनची सुरी-पाट वेगळा. कांदा-टोमॅटो आधी चिरून घ्यायचे, चिकन शेवटी. आमच्या छोट्या ओट्यावर हाच मार्ग.

हिरवं_वाटण
एक शंका. दही, लिंबू, आलं-लसूण लावून रात्रभर मुरवलं की चिकन अर्धं शिजतं, असं आमच्या शेजारच्या काकू सांगतात. म्हणून कबाब त्या पाच मिनिटांत काढतात.

सूक्ष्मदर्शक
नाही. आंबटाने मांस बाहेरून पांढरट नि मऊ होतं, जंतू मात्र मरत नाहीत. मुरवणं फ्रीजमध्येच करायचं, ओट्यावर नाही. आणि ज्या वाटणात कच्चं चिकन मुरलं ते उरलं तर नुसतं चाखायचं नाही, उकळून घ्यायचं.

खलबत्ता
आधी मी एका ओळीत उत्तर देऊन मोकळा झालो होतो, ते मागे घेतो. पाणथळ यांचा प्रतिसाद वाचून बायकोलाही वाचायला दिला. आता प्रश्न: हे फ्रीझरमधलं चिकन. आम्ही सकाळी ऑफिसला जाताना ओट्यावर काढून ठेवतो आणि रात्री करतो. चालतं ना?

निखारा
मुंबईच्या उकाड्यात दहा तास?! नका हो!

सूक्ष्मदर्शक
निखारा म्हणतात तेच. आत बर्फ असताना बाहेरचा थर खोलीच्या तापमानाला येऊन तासन्‌तास बसतो. साधारण ५ ते ६० अंश हा जंतू वाढायचा पट्टा. त्यात दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि बाहेर ३२ च्या वर असेल तर एकच तास. आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवा, खाली ताटली घालून, म्हणजे पाणी भाजीवर गळणार नाही. घाई असेल तर पिशवीसकट गार पाण्यात, अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी बदलून. आणि अर्धवट वितळलेलं चिकन तव्यावर टाकू नका, मधला गोळा थंडच राहतो.

ओसरी
सगळे शिजवण्यावर बोलताय, माझा अनुभव शिजवल्यानंतरचा आहे.

दोन वर्षांपूर्वी मुलाच्या साखरपुड्यानंतर घरीच चाळीस माणसांचा तांबडा रस्सा केला. दुपारी दोनला जेवणं झाली, मोठं पातेलं अर्धं उरलं. फ्रीजमध्ये मावेना, म्हणून झाकण ठेवून तसंच ओट्याखाली ठेवलं. रात्री दहाला हात लावला तर अजून कोमट होतं. पातेलं एवढं मोठं की उष्णता जाईना. आम्ही खूश, म्हटलं गरम करायलाही नको, आणि तसाच वाढला. पहाटे चारपासून घरातले अकरा जण पोट धरून. चिकन उत्तम शिजलेलं होतं, दुपारी जेवलेल्या चाळिसांपैकी कुणालाही काही झालं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की काही जंतूंची बीजं उकळूनही मरत नाहीत, आणि कोमट दाट रस्सा म्हणजे त्यांची जत्राच. तेव्हापासून उरलं की लगेच पसरट डब्यांत दोन-तीन बोटं खोलीला काढते, पंख्याखाली वाफ घालवते आणि दोन तासांच्या आत फ्रीज. जास्त असेल तर शेजारी देते, पण पातेल्यात ठेवत नाही.

सूक्ष्मदर्शक
डॉक्टरांनी अचूक सांगितलं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. मोठ्या पंगतींचा हा ठरलेला शत्रू. दुसऱ्यांदा खाताना नुसतं कोमट न करता रटरट उकळायचं. पण काही जंतू अन्नात विष सोडून ठेवतात आणि ते उकळूनही जात नाही, त्यामुळे रात्रभर बाहेर राहिलेलं वाचवायच्या भानगडीत पडू नये.

कौलारू
धागा कुठून कुठे गेला! पण पोपटीचं काय? शहाळं, २६ तारीख आली.

पोपटीबद्दल माझं एक निरीक्षण सांगतो. जाळ मडक्याच्या बाहेर असतो, म्हणजे कडेचा माल आधी शिजतो आणि मधला सगळ्यात शेवटी. आपण करपू नये म्हणून चिकन नेमकं मधोमध ठेवतो, वर केळीचं पान गुंडाळून. पाण्याचा हबका मारून चर्र झालं म्हणजे मडकं तापलं. पुरचुंडीच्या आत काय चाललंय ते मडक्याला काय ठाऊक.

निखारा
कौलारू, अगदी! आम्ही उरणला अख्ख्या टंगड्या घालतच नाही. लहान तुकडे, खोल चिरे, आणि एका पुरचुंडीत मूठभरच. मडकं काढल्यावर लगेच ओतत नाही, दहा मिनिटं तसंच बंद.

शहाळं
सगळ्यांची मनापासून आभारी आहे. २६ ची पोपटी झाली, वृत्तांत देते.

टोकाचा डिजिटल थर्मामीटर घेऊन गेले. आदल्या रात्री बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहिलं, दाखवला. चिकन बहुतेक निखारा म्हणतात तसं: लहान तुकडे आणि थोड्या टंगड्या, सगळ्यांना हाडापर्यंत चिरे, बारा छोट्या पुरचुंड्या. फ्रीजमध्ये मुरवलं आणि बर्फाच्या डब्यातून वाडीपर्यंत नेलं. जाळ चाळीस मिनिटं, मग दहा मिनिटं मडकं बंद.

मामा थोडा नाराज होता, "पोपटीला कसलं यंत्र लावतेस." पण मडकं ओतल्यावर पहिला तोच वाकून बघायला आला. कडेच्या पुरचुंडीत ९१. दुसऱ्या कडेला ८८. मग मधली उघडली. बिनहाडाचा एक जाडसर तुकडा होता, दिसायला शुभ्र, कापला तर आतही शुभ्र. सुई घातली: ६६. मी आकडा मोठ्याने वाचला आणि सगळे गप्प. गेल्या वेळी आम्ही असाच तुकडा "हा बघ पांढरा आहे" म्हणून पोरांना दिला होता.

मधल्या चार पुरचुंड्या पानासकट निखाऱ्यावर ठेवल्या, दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. सगळ्या ८० च्या पुढे गेल्या. त्यातली एक टंगडी उघडली तर तापमान ८२ आणि हाडाजवळ तस्साच लाल डाग! मामीने माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?" आणि तिचं खरंच होतं, त्या टंगडीपुरतं. गेल्या वेळच्या टंगडीचं काय होतं ते आता कळायला मार्ग नाही.

निखारा
म्हणजे ८२ ला लाल आणि ६६ ला पांढरं, एकाच मडक्यात! आमच्या घरचा "लाल म्हणजे कच्चं" हा नियम आज बदलला. थर्मामीटर मागवते.

कौलारू
आणि आजीची नळी? बघितलीत का?

शहाळं
बघितली ना. ८२ वालीचं मांस वर सरकलेलं होतं, नळीचं पेरभर टोक उघडं, सांधा सैल. मधल्या पुरचुंडीतली नळी निखाऱ्यावर ठेवण्याआधी घट्ट होती.

कौलारू
हे तिला सांगायला हवं होतं.

पाणथळ
वहिनी जेवली का?

शहाळं
दोन टंगड्या आणि शेंगांचं अख्खं पान. आकडा तिने स्वतः वाचला, मग खाल्लं. तिसरी टंगडी डब्यात घालून दिली, तासाभरात घरी पोचून फ्रीजमध्ये ठेवल्याचा तिचा फोन आला.